लाल रेघेचा पेला

सातारा,
१४ जुलै २०२४

नूर, नमस्कार.

'सप्रेम' हा शब्द आज मुद्दाम गाळला आहे. नजरचुकीने नाही.

काल शेजारच्या जावयाने तासगावचे बेदाणे आणून दिले. पुडा सांगलीच्या कुठल्याशा वर्तमानपत्राचा होता. बेदाणे डब्यात ओतले, कागद टाकायला निघाले, तर कागदावर तू. तेलाचा डाग नेमका तुझ्या नाकावर पडला होता, तरी ओळखलं. फोटोखाली छापलं होतं : 'विज्ञान शिक्षकांच्या मार्गदर्शक, निवृत्त शिक्षिका नूरजहां शिकलगार, कुपवाड येथील मासिक मेळाव्यात.'

मार्गदर्शक! आपण बी.एड.ला एका बाकावर बसलो त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. सरावपाठात तुझं चंचुपात्र तडकलं आणि पाणी परीक्षकांच्या बुटात गेलं, तेव्हा पुढे होऊन तो पाठ कोणी सावरला? सुवर्णपदक कोणाला मिळालं? आणि आज जिल्ह्यातले विज्ञानाचे शिक्षक तुझ्याकडे शिकायला येतात, ही बातमी मला बेदाण्यांबरोबर मिळते.

मार्चमध्ये मलाही फोन आला होता, हे तुला माहीत नसेल. पुण्याच्या कुठल्या तरी संस्थेतली मुलगी होती. "मॅडम, तुम्ही तरुण शिक्षकांबरोबर महिन्यातून एकदा बसाल का?" मी म्हटलं, "बसणार नाही. शिकवीन. सगळ्यांनी वही आणावी, वेळेवर यावं आणि मधे बोलू नये." ती म्हणाली, "कळवते हं मॅडम." अजून कळवते आहे.

ते जाऊ दे. फोटोत तुझ्या उजव्या हाताला कप धरून जी हसते आहे, ती पूजा. माझी पूजा. बापाचं गलाईचं, सोनं-चांदी गाळायचं दुकान तिकडे कोइमतूरला, म्हणून विट्याची ही मुलगी मावशीकडे साताऱ्यात शिकायला राहिली. आठवीपासून दहावीपर्यंत शाळा सुटली की माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला बसायची. आयुष्यातली पहिली परीक्षानळी तिने माझ्या हातातून घेतली. आता विट्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. पाडव्याला फोन आला होता, त्यानंतर नाही. "बाई, शाळेत काम लय वाढलंय." काम वाढलंय, आणि गाडी हाणत कुपवाडला जायला वेळ आहे.

फोनच करणार होते. पण मी बोलायला लागले की तुला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. पत्रातून उठून जाता येत नाही. काय शिकवतेस त्यांना, ते सविस्तर कळव.

तुझी (हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं)
संयोगिता


सांगली,
२२ जुलै २०२४

प्रिय संयोगिता,

मी 'प्रिय' गाळत नाही. तुझं पत्र लियाकतनी वाचलं आणि म्हणाले, "संयोगिताबाईंची तब्येत एकदम ठणठणीत दिसते." म्हणून मीही विचारत नाही.

अगं, मार्गदर्शक हा शब्द त्या पुण्याच्याच संस्थेचा. खरं असं आहे की कुपवाडला लियाकतचा लेथचा कारखाना आहे, तिथे दोन वर्षांपूर्वी चार शिक्षक मोडकी साधनं दुरुस्तीला घेऊन आले. कुणाच्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरत नव्हता, कुणाच्या तराजूचं पारडं लोंबत होतं. दुरुस्ती होईपर्यंत बसले, बोलले, पुढच्या महिन्यात आणखी दोघांना घेऊन आले. आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी लेथ बंद असतो आणि वीस-पंचवीस जण असतात. संस्था मोठे कागद आणि अभिप्रायाचे तक्ते पाठवते. मी चहा करते आणि कोणी खोटं बोलायला लागलं की खोकते.

आमच्याकडे नियम एकच. ज्याच्या शाळेत महिनाभरात एकही वस्तू फुटली नाही, त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. न फुटणं म्हणजे साधनं कपाटात आहेत. जतकडचे दादासो पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आमी चौदा वर्षं सूक्ष्मदर्शक बघतोय. त्यातनं न्हाई बघितलं कवा, कपाटातच बघितलाय." सलग तीन महिने कप धुतले त्यांनी. चौथ्या महिन्यात दोन फुटक्या परीक्षानळ्या रुमालात बांधून आणल्या आणि वाङ्निश्चयाच्या पेढ्यासारख्या सगळ्यांना दाखवत फिरले.

पूजा हुशार आहे. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही. 'आमच्या बाई' हे दोन शब्द तिच्या तोंडी असतात, आणि त्या बाई म्हणजे मी नव्हे.

या महिन्यात पाण्यातल्या मेणबत्तीचा प्रयोग झाला. त्यावर पुष्कळ बोलणं झालं. ते पत्रात नको. १० ऑगस्टला तूच ये.

तुझी,
नूर


सातारा,
१ ऑगस्ट २०२४

नूर,

'पुष्कळ बोलणं झालं, पत्रात नको' असं लिहून तू मला दहा दिवस झोप येऊ दिली नाहीस. मेणबत्तीचा प्रयोग हा काय बोलण्याचा विषय आहे? तो करून दाखवायचा विषय आहे, आणि या दोन जिल्ह्यांत तो माझ्याइतका चोख कोणी दाखवलेला नाही. हे मी म्हणत नाही, चौऱ्याण्णव सालच्या जिल्हा पुरस्काराच्या मानपत्रात लिहिलं आहे.

तुला आठवण राहिली नसेल म्हणून लिहिते. ताटलीत पाणी. मधे पेटती मेणबत्ती. वर काचेचा पेला पालथा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं, आणि बरोबर माझ्या लाल रेघेपाशी थांबतं. रेघ पेल्याच्या पाचव्या हिश्शावर. हवेतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन. तो जळून गेला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. मुलं 'आ' करून बघत. एकदा विस्तार अधिकारी बाकावरून उठून टाळ्या वाजवायला लागले होते. रेघ नखं रंगवायच्या रंगाची आहे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातली बाटली होती. मी तो रंग नखांना कधी लावला नाही, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या धाकाने हात तसेच राहिले. पण पेल्याला लावला आणि पस्तीस वर्षांत तो पेला फुटला नाही. तुझ्या नियमाने मी आजन्म कप धुवायला हवेत. धन्य तो नियम!

मी येणार नाही. प्रेक्षकांत बसायला मला बोलावलंस, तेही शेवटच्या ओळीत. त्याऐवजी माझ्या टाचणवहीतलं या पाठाचं मूळ पान सोबत पाठवते आहे. उद्दिष्टं, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, फळ्यावर काय लिहायचं, सगळं आहे. १० तारखेला सर्वांसमोर मोठ्याने वाच, आणि वाचण्याआधी माझं पूर्ण नाव, शाळा आणि पुरस्काराचं साल सांग. पूजाला पहिल्या रांगेत बसव. तिला कळू दे, मूळ कुठे आहे.

वाचल्यावर काय झालं ते त्याच संध्याकाळी लिही.

संयोगिता


सांगली,
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय संयोगिता,

उशीर झाला, रागावू नकोस. महिन्याच्या सुरुवातीला कृष्णेचं पाणी चढलं होतं, आमच्या नणंदेचं घर खालच्या अंगाला आहे, तिचं सामान हलवण्यात आठवडा गेला. १० तारखेला पावसामुळे माणसं फार आली नाहीत. वेळ कमी पडला, तुझं पान वाचायचं राहून गेलं. जपून ठेवलं आहे. अक्षर अजून तसंच आहे तुझं, छापल्यासारखं.

गौरीचं सगळं नीट होऊ दे. करंज्या पाठवशील का? लियाकत विचारत होते.

तुझी,
नूर


सातारा,
३ सप्टेंबर २०२४

नूरजहां,

करंज्या पाठवणार नाही.

काल शिवतेज आला होता. हा शिवतेज म्हणजे माझ्या निवृत्तीनंतर माझ्या जागी शाळेत लागलेला मुलगा. माझं प्रयोगशाळेचं कपाट आता त्याच्या ताब्यात आहे. गणपतीच्या सजावटीला लोहचुंबक कसं वापरू, हे विचारायला आला होता. बोलता बोलता म्हणतो, "बाई, आम्ही कुपवाडला जातो ना, भन्नाट असतं!" माझ्याच शाळेतला, माझ्याच कपाटाच्या किल्ल्या खिशात घातलेला मुलगा सव्वाशे किलोमीटर बस बदलत तुझ्याकडे जातो. माझं घर त्याच्या शाळेपासून चार मिनिटांवर आहे.

मी काहीच कळू न देता विचारलं, "१० ऑगस्टला पावसामुळे कोणी आलं नसेल, नाही?" तो म्हणतो, "छे बाई, सत्तावीस जण होतो! तीन-तीन मेणबत्त्या लावून पुन्हा प्रयोग केला. आधीच्या महिन्यात तर हसून हसून आडवे पडलो होतो सगळे. विट्याच्या पूजा मॅडमनी पार निकाल लावला त्या पाचव्या हिश्शाचा."

सत्तावीस. तुला खोटंही नीट बोलता येत नाही.

आता मला सगळं दिसतं आहे. माझा प्रयोग मांडायचा, माझ्या विद्यार्थिनीला उभं करायचं, आणि तिच्याकडून तिच्याच बाईंची टिंगल करवून घ्यायची. माझं पान वाचलं नाहीस ते बरं. की वाचलंस आणि त्यावरही हसलात? बी.एड.ला तुझं पात्र फुटलं आणि माझं फुटलं नाही, याचा हिशेब तू त्रेचाळीस वर्षं मनात ठेवलास. मला मूलबाळ नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळेतल्या पस्तीस वर्षांतून एक मुलगी माझी म्हणावी अशी निघाली. ती तू घेतलीस. चहा पाजून घेतलीस.

माझं पान परत पाठव. या पत्राला उत्तराची गरज नाही.

संयोगिता वि. माने


सांगली,
१२ सप्टेंबर २०२४

संयोगिता,

पान सोबत आहे. उत्तराची गरज नाही म्हणालीस, तरी देते. मी खोटं बोलले हे खरं. पण का बोलले, ते ऐक.

जुलैत मेणबत्तीचा प्रयोग मी मांडला. मी. ताटली, पेला, पाचव्या हिश्शाला रेघ. निष्कर्षही मीच फळ्यावर लिहिला. तेहतीस वर्षं मी हेच शिकवलं, आणि कुठून शिकले सांगू? एक्याऐंशी साली, सरावपाठाच्या आदल्या दिवशी, वसतिगृहाच्या खोलीत तुझं टाचण शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. तू न्हायला गेली होतीस.

मी हात झटकून मागे वळले तर पूजा उभी. "मॅडम, एक विचारू? ऑक्सिजन जळून संपतो म्हणून पाणी चढतं, तर ज्योत जळत असताना चढायला पाहिजे. ते तर विझल्यावर चढलं." मी पुन्हा करून पाहिलं. जळताना पाणी जवळजवळ जागचं हललं नाही, उलट पेल्याच्या काठातून बुडबुडे बाहेर आले. विझली, आणि सर्रकन चढलं. दादासो म्हणाले, "मॅडम, तीन मेणबत्त्या लावा की. हवा तेवढीच हाय, पाणीबी तेवढंच चढाय पायजे." तीन लावल्या. पाणी रेघ ओलांडून पार वर. फळ्यावर माझा निष्कर्ष, ताटलीत हे. मग काय, सगळे हसले. मला हसले, संयोगिता. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

कारण आम्हाला मिळून शोधायला महिना लागला. ज्योतीने हवा तापते, फुगते, काही बाहेर पळते. विझल्यावर उरलेली हवा निवते, आक्रसते, तेवढं पाणी आत येतं. जितक्या मेणबत्त्या, तितकी हवा जास्त तापते. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, आणि जळून जे वायू होतात ते पेल्यातच जागा धरून बसतात. पाचव्या हिश्शाचा आकडा खरा आहे, पण या पेल्यात तो दिसत नाही.

तुझं पान आलं ते मी वाचलं. सत्तावीस जणांसमोर तुझं पूर्ण नाव, शाळा आणि पुरस्काराचं साल सांगून तो निष्कर्ष वाचू? म्हणून पर्समध्ये ठेवलं आणि तुला पावसाचं कारण लिहिलं. चुकले. तिथे तुझं नाव मी घेतलं नाही. पूजानेही नाही. ती एवढंच म्हणाली, "हा प्रश्न मला आठवीपासून पडलाय." कुठे पडला, ते कोणी विचारलं तर म्हणाली, "विसरले." ती काही विसरत नाही, हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे.

घरी तीन मेणबत्त्या असतील.

नूर


सातारा,
१४ ऑक्टोबर २०२४

नूर,

पत्र महिनाभर उशीला होतं. कालपर्यंत मेणबत्त्या आणल्या नाहीत. काल दसऱ्याची फुलं काढताना देव्हाऱ्याखाली पुडा सापडला, मग सबब उरली नाही.

आमची कामवाली अंबूबाई भांडी घासून उठत होती. म्हणाली, "आवं बाई, भर दुपारी मेणबत्त्या? लाईट गेल्यात व्हय?" म्हटलं, लाईट आहे, तू गप्प बस आणि बघ. ताटली मांडली. लाल रेघेचा पेला काढला, निवृत्त झाले तेव्हा तो शाळेतून घरी आणला होता, माझाच होता. एक मेणबत्ती लावली. अंबूबाई पदराला हात पुसत वाकून बघत होती. म्हणाली, "बाई, इझल्यावर चडलं की वो पानी. जळत हुतं तवा गपच हुतं." चौथीपर्यंत शिकली आहे ती. तिला दिसायला पाच सेकंद लागले.

तीन लावल्या. पाणी रेघेच्या वर तीन बोटं गेलं. "लय भारी!" म्हणून तिने टाळी वाजवली. विस्तार अधिकाऱ्यांनंतर हीच.

आता एक गोष्ट लिहिते, ती लियाकतना वाचायला देऊ नकोस. मी पाहिलं होतं, नूर. पहिल्याच वर्षी. रेघ मोजून काढली आणि मग तिच्यापर्यंत पाणी आणणारी मेणबत्ती शोधत बसले. जाडीने पाणी वर जायचं, बारकीने खाली राहायचं. शेवटी दोन बोटं उंचीचे, करंगळीएवढे जाड तुकडे ठरले. ते कापून एका डब्यात ठेवले आणि डबा कपाटात. पेला मुलांच्या हातात कधी दिला नाही. फुटेल म्हणून नव्हे. त्यांच्या हातात पाणी भलतीकडेच थांबेल म्हणून. मला कारण माहीत नव्हतं, पण काही तरी बसत नाही एवढं माहीत होतं, आणि ते मी पस्तीस वर्षं कुलपात ठेवलं.

पूजाने तो प्रश्न आठवीत मला विचारला होता. भर वर्गात. मी म्हटलं, "निरीक्षण नीट कर." ती म्हणाली, "नीट केलंय, बाई." मी तिच्या प्रयोगवहीत लाल शाईने शेरा मारला आणि पान तीनदा लिहायला लावलं. तिने लिहिलं. संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला आली तेव्हा तोंडातून एक शब्द काढला नाही. मला वाटलं, मुलगी सुधारली.

तुझा हेवा वाटतो, हे आता उघडच लिहिते. जुलैपासून वाटतो आहे, पण कशाचा ते मला चुकीचं वाटत होतं. फोटोचा नाही. पूजाचाही नाही, म्हणजे तिचा आहेच, पण फक्त तिचा नाही. तू पंचवीस माणसांसमोर सपशेल चुकलीस आणि पुढच्या महिन्यात ती माणसं परत आली, दोन जास्तच आली. माझा प्रयोग एकदाही चुकला नाही, आणि निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत एक शिवतेज लोहचुंबक विचारायला आला.

माझं टाचण चोरलंस ते मात्र विसरणार नाही. न्हायला गेले असताना!

९ नोव्हेंबरला येते आहे. बोलावणं पाठवू नकोस. बसणार नाही, एवढं लक्षात ठेव.

संयोगिता


सांगली,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय संयोगिता,

पाचची गाडी पकडायची म्हणून इतक्या घाईने निघालीस की चहासुद्धा पुरा घेतला नाहीस. त्या अर्ध्या कपाचं मला वाईट वाटलं. बाकीचे अठ्ठावीस तू धुतलेस, त्याचं मुळीच नाही. ती जरीकाठाची साडी खोचून नळाखाली तू उभी होतीस तेव्हा लियाकत लेथमागे तोंड लपवून हसत होते.

बसणार नाही म्हणालीस आणि खरंच दीड तास उभी राहिलीस. तुझं पुढचं वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. "मी संयोगिता माने. चौऱ्याण्णव सालचा जिल्हा पुरस्कार. हा प्रयोग मी पस्तीस वर्षं चुकीचा शिकवला आणि तुमच्या या मार्गदर्शक मॅडमनी तो माझ्या वहीतून चोरला." कबुली देतानासुद्धा माझ्यावर एक पाय ठेवून उभी राहिलीस.

जुलैत मला हसले होते तसं कोणी हसलं नाही. तुला वाटलं असेल, रागावले. तसं नव्हतं. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापली रेघ आली असणार. म्हणून तर दादासोंनी हळूच विचारलं, "बाई, मी गेल्याच आठवड्यात पाचवा हिस्सा म्हणूनच शिकवलंय. सोमवारी काय सांगू पोरांस्नी?" तू म्हणालीस, "काही सांगू नका. पेला त्यांच्या हातात द्या आणि तोंड मिटून उभे राहा. जमेल का?" ते म्हणाले, "पेला देणं जमंल. दुसरं अवघड हाय." तेव्हा कुठे सगळे हसले. संस्थेच्या अभिप्रायाच्या तक्त्यात 'आजच्या सत्रातून काय शिकलात' या रकान्यात पाच जणांनी 'तोंड मिटणे' असं लिहिलं आहे. पुण्याची ती मुलगी आता मला विचारेल.

तू पूजाशी धड बोलली नाहीस. तिने "या आमच्या बाई" म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली आणि तू नळाकडे बघत राहिलीस. तुला सांगते, दोन वर्षं ती माझ्याकडे येते, मी तिला किती डबे दिले असतील, मला ती 'मॅडम' म्हणते. त्या दिवशी 'बाई' ऐकलं आणि माझ्याही काळजात बारीकशी सुई गेली. हेव्याचा मक्ता तुझ्या एकटीकडे नाही.

तू गेल्यावर ती मागे राहिली. पिशवीतून जुनी प्रयोगवही काढली, आठवीची. म्हणाली, "जुलैपासून दर महिन्याला आणते आणि परत नेते. बाईंच्या हातात द्यायला धीर होत नाही. तुम्ही पाठवा." मी विचारलं, "काय लिहून पाठवू?" म्हणाली, "काही नको. त्यांना पान माहीत आहे."

वही सोबत पाठवते आहे. उघडून पाहिली नाही. खोटं, पाहिली.

तुझी,
नूर


सातारा,
१० डिसेंबर २०२४

प्रिय नूर,

हो, लिहिलं. पुन्हा वाचायची गरज नाही.

वही तीन आठवडे टेबलावर होती. पान माहीत होतंच. निरीक्षणाच्या चौकटीत तेरा वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे : 'ज्योत विझल्यानंतर पाणी वर चढले.' शाळेत मिळतात तसल्या निळ्या पेनाने, जरा उजवीकडे कललेलं अक्षर. त्यावर माझा शेरा : 'निरीक्षण चुकीचे. पुन्हा लिहा.' त्यानंतर तीन पानं तिने माझं उत्तर माझ्याच शब्दांत लिहिलं आहे, आणि प्रत्येक पानाखाली माझी बरोबरची खूण आहे. त्या तीन खुणा मला शेऱ्यापेक्षा जास्त लागल्या.

शेरा खोडला नाही. आमच्या सिस्टर खाडाखोडीला परवानगी देत नसत, आणि खोडला असता तर तो मारलाच नव्हता असं झालं असतं. त्याच्याखाली लाल शाईनेच लिहिलं : 'निरीक्षण बरोबर. उत्तर बाईंना माहीत नव्हते.' सही केली आणि तारीख आजची घातली, वीस वर्षांपूर्वीची नव्हे. तीन खुणांवर एकेक आडवी रेघ मारली. वही शनिवारी मी माझ्या हाताने देणार आहे. तिने ती मला तुझ्यामार्फत पाठवली, याचा राग आहेच. माझ्या स्वयंपाकघरात तीन वर्षं बसलेल्या मुलीला माझ्या दाराऐवजी तुझा कारखाना जवळचा वाटावा! तो राग जायला वेळ लागेल. जाईलच असं नाही.

शिवतेज परवा वर्गातली सहा मुलं घेऊन घरी आला होता. कपाट उघडं ठेवतोस का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, किल्ली हरवली, आता उघडंच असतं." मी शोध म्हटलं नाही. मुलांपुढे ताटली, मेणबत्त्या आणि तो पेला ठेवला आणि तोंड मिटून उभी राहिले. नूर, हे फार कठीण आहे. कॉन्व्हेंटमध्ये मौनाचा तास असायचा, तोही इतका लांब वाटला नव्हता. एका मुलीने पेला तिरपा धरला, दुसरीने हिसकावला, आणि इतकी वर्षं जपलेला पेला फरशीवर गेला. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अंबूबाई आतून धावत आली. "आवं, काय फुटलं?" मी काही बोलायच्या आत त्यातली एक म्हणाली, "बाई, दुसरा पेला आहे का? पाणी चढतच होतं."

दुसरा दिला. स्टीलचा निघाला, आतलं दिसेना. मग अंबूबाईने लोणच्याची बरणी घासून आणली.

तेव्हा या शनिवारी कप मी धुणार नाही. तुझ्या नियमाने माझी सुटका झाली आहे. पुरावा म्हणून काचा बांधून आणते आहे, लाल रेघेच्या तुकड्यासकट. पुडीला तोच बेदाण्यांचा कागद वापरला आहे. डाग अजून तुझ्या नाकावरच आहे.

सप्रेम,
संयोगिता